उस्मानभाईंचं पांढरं फडकं

झारा आणि आदिल,

तुमच्या इमरानमामाने बावधनला भांड्यांचं मोठं दुकान काढलं आहे. आत शिरल्या शिरल्या समोर माझ्या अब्बांचा फोटो, फुलांचा हार, आणि खाली छापलेल्या ओळी: ‘मरहूम उस्मानभाई. शांत, सोशिक, मितभाषी. आयुष्यात कुणाला दुखावले नाही. गावाने त्यांना कायम मानाचे स्थान दिले.’ हा फोटो त्याने तुम्हालाही पाठवला, आणि झारा, तू मला लगेच लिहिलंस, ‘नानी, किती शांत आणि कूल होते ना ते!’

मी तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. चुकीच्या वाक्याखाली लाल रेघ मारायला माझा हात अजून शिवशिवतो. या मजकुरात नाव तेवढं बरोबर आहे. बाकी वाचून मी दोन रात्री नीट झोपले नाही. मी गेले की अब्बांना पाहिलेलं आणि त्यांच्याबद्दल सविस्तर सांगू शकणारं कुणी उरणार नाही, आणि तुम्ही भिंतीवरचा तो गुळगुळीत माणूस खरा मानाल. म्हणून हे लिहिते आहे. आईकडून वाचून घ्या. तिला यातलं थोडं आठवत असेल. मी सांगणार आहे त्या दिवशी तीही तिथे होती.

अब्बांना कुणाच्याही घरी पाणी दिलं की ते आधी तांब्या उजेडाकडे धरून आत पाहायचे. मग प्यायचे. पाहुण्यांकडे, मामलेदाराच्या कचेरीत, लग्नाच्या मांडवात, कुठेही. अम्मीला लाज वाटायची. ‘‘अहो, लोकं काय म्हणतील?’’ अब्बा म्हणायचे, ‘‘बाहेरून समदीच भांडी सारकी दिसत्यात. आतून दाखवा म्हनावं.’’

‘आतून दाखवा’ हे त्यांचं बोलणं पौडपासून नांदे-कासारसाईपर्यंत लोकांना पाठ होतं, कारण तेवढ्या टापूत ते सायकलवर भाता बांधून फिरायचे. अब्बा कल्हई करायचे. तुम्ही कल्हई पाहिलेली नाही, तेव्हा सांगते. पूर्वी स्वयंपाक तांब्या-पितळेच्या भांड्यांत व्हायचा, आणि तांब्यात आंबट शिजवलं की ते कळकतं. हिरवट विष उतरतं त्यात. ते होऊ नये म्हणून भांड्याला आतून कथलाचा पातळ थर देतात, ती कल्हई. जमिनीत खड्डा करून कोळसे पेटवायचे, भात्याने वारा घालायचा, भांडं तापवायचं, नवसागराची पूड टाकली की पांढरा धूर नाकात जायचा, मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने फिरवायची. काळवंडलेलं भांडं आतून चांदीसारखं व्हायचं. दर काही महिन्यांनी थर झिजतो. मग पुन्हा कल्हई.

मोठी भांडी मात्र आधी पायांनी घासावी लागायची. गावकीची तांब्याची दोन तपेली होती, देवळाच्या मागच्या खोलीत ठेवलेली. लग्न असो की गावजेवण, सगळ्या गावाचा स्वयंपाक त्यांत व्हायचा. अब्बा त्यांत राख आणि वाळू टाकून अनवाणी उतरायचे, भिंतीला धरायचे आणि कमरेतून डावीकडे-उजवीकडे गरागरा वळायचे. तुमची आई सहा वर्षांची असताना मला म्हणाली होती, ‘‘अम्मी, नाना भांड्यात नाचतायत!’’ अब्बांनी तिलाही उचलून आत घेतलं. दोघं वळत होते, ती हसत होती, आणि वरून अब्बांची गोल टोपी तेवढी दिसत होती.

तिला ते कथलाची कांडी कानाशी धरून वाकवून दाखवायचे. शुद्ध कथील वाकवलं की बारीक चिरकतं. ‘‘ऐक, रडतंय. ह्ये खरं. शिसं घातलं की रडायचं बंद व्हतं. गुमान वाकतं ते घ्यायचं न्हाई.’’

अशा माणसाला इमरान सोशिक म्हणतो!

मितभाषी तर ते मुळीच नव्हते. रागाची त्यांची एक खूण होती. डोक्यावरची टोपी काढून, घडी घालून खिशात ठेवायचे. टोपी खिशात गेली की अम्मी चुलीवरचं उतरवून ठेवायची. मी सातवी झाले तेव्हा आमचे एक गुरुजी त्यांना म्हणाले, ‘‘उस्मानभाई, पोरगी हुशार आहे, पण तिला पुढे इंग्रजी कशाला? भांड्यांना का इंग्रजी लागतं?’’ सगळे हसले. अब्बांची टोपी खिशात. ‘‘गुरुजी, तुमी रोज बाहेरून बगताय तिला. आतून बगितलंय का कदी? न्हाई ना? मंग भाव कशाला करताय?’’ मी पुण्याच्या कॉलेजात गेले ती त्या टोपीमुळे. तुमच्या आजोबांचं स्थळ आलं तेव्हा तर अब्बा पुण्याला त्यांच्या घरी गेले आणि सरळ स्वयंपाकघरात शिरून पातेल्यांत डोकावू लागले. माझी होणारी सासू दारात थिजून उभी. ‘‘मुलगा बघायला आलात ना तुम्ही?’’ ‘‘व्हय. बगतोय की.’’ घरी येऊन म्हणाले, पातेली चकचकीत आहेत, मुलगा बरा असावा. या एका बाबतीत त्यांचा अंदाज चुकला नाही.

आता मुख्य गोष्ट. ऐंशी साल नुकतंच मागे पडलं होतं. देवळावर नवा कळस चढवला म्हणून त्या वर्षीचं गावजेवण मोठं होतं. गावजेवण म्हणजे सगळ्या गावाचं. आमचं घरही त्यात आलंच. मी तुमच्या आईला घेऊन पुण्याहून एसटीने आले होते.

दरवर्षी जेवणाच्या आठवडाभर आधी तपेली अब्बांकडे यायची. त्या वर्षी आलीच नाहीत. अब्बा विचारायला गेले तर देवस्थानच्या पंचांतले मुख्य, शंकरराव, म्हणाले, ‘‘यंदा ऱ्हाऊ द्या. बायांनी चिचंनं घासल्यात. आरशावानी झाल्यात, तोंड दिसतंय.’’ अब्बांनी समजावलं, की चिंच तांबं उजळते आणि उरलीसुरली कल्हई काढून टाकते, उजळलेलं भांडंच जास्त वाईट. शंकरराव हसले. ‘‘बरं बरं. बगू.’’ अब्बांना वाटलं, ऐकलं. तीच त्यांची चूक. ते दुसऱ्या दिवशी कासारसाईला कामाला गेले आणि जेवणाच्या दिवशी सकाळीच परतले.

दुपारी बाराच्या सुमाराला देवळापुढे मुलांची पहिली पंगत बसली. पत्रावळी मांडल्या होत्या, भात वाढून झाला होता. तुमची आई तिसरी की चौथी बसली होती, नवीन फ्रॉक सांभाळत. एका तपेल्यात भात होता, दुसऱ्यात चिंचेची आमटी, सकाळी सहापासून शिजलेली. अब्बा आले ते सरळ आमटीच्या तपेल्याकडे. वास घेतला. पळीने कडेची आमटी बाजूला सारून आत पाहिलं. आत लाल तांबं होतं, नुसतं उघडं, नव्या पैशासारखं.

‘‘गेनूबा,’’ त्यांनी आचाऱ्याला विचारलं, ‘‘चव बगितली का तुमी?’’

‘‘बगितली की. दोन वाट्या प्यालो. थोडी तुरट लागतीया, पन झनझनीत हाय.’’

अब्बा शंकररावांकडे वळले. ‘‘ही आमटी वाढू नका. कळकलीया.’’

‘‘आता?’’ शंकरराव म्हणाले. ‘‘पोरं पानावर बसल्यात, उस्मानभाई. हजार मानूस जेवायचंय.’’

‘‘भात-गूळ वाढा. ताक वाढा. ही नगं.’’

तेव्हा शंकररावांनी ते वाक्य म्हटलं. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं, हसत. ‘‘तुमचं काम गेलं म्हनून राग आला व्हय? आवो, फुडल्या साली देतो की तुमाला काम!’’

लोक हसले. वाढप्याने पहिली बादली उचलली आणि तो पंगतीकडे निघाला. अब्बांची टोपी खिशात गेलेली मी पाहिली, आणि पुढे काय होणार ते कळेना म्हणून मी जागच्या जागी उभी राहिले. त्यांनी वाढप्याच्या हातातली बादली घेऊन जमिनीवर ओतली. मग तपेलं उचलायचा लाकडी दांडा ओढला, ‘‘मागं व्हा! समदी मागं व्हा!’’ म्हणून ओरडले, दांडा तपेल्याच्या बुडाखाली घातला आणि अंगाचं सगळं वजन त्यावर टाकलं. तपेलं कललं आणि आडवं झालं. सगळी आमटी चुलीच्या चरात गेली. वाफेचा एवढा लोट उठला की देऊळ दिसेना. बाकी कुणालाही चटका लागला नाही. लागला तो अब्बांच्या डाव्या पायाला.

मग मागून कुणीतरी ओरडलं, ‘‘अन्न बाटवलं! देवाचं अन्न बाटवलं!’’

अब्बा दांड्याला टेकून उभे होते. ‘‘बाटवलं म्हना. जेवायच्या आदी बाटवलं. जेवल्यावर पोरं कुनाच्या दारात घेऊन जाणार व्हता?’’

त्यांनी अर्धं लिंबू मागितलं. कुणी देईना. तुमच्या पणजीने, म्हणजे माझ्या अम्मीने, पंगतीतल्या मिठा-लिंबाच्या ताटलीतलं उचलून दिलं. अब्बांनी आडव्या तपेल्यात आतल्या बाजूने लिंबू घासलं, थोडं थांबले, आणि खांद्यावरचं पांढरं फडकं त्यावरून फिरवलं. फडक्यावर हिरवट निळा डाग उतरला. ते फडकं त्यांनी शंकररावांसमोर धरलं. ‘‘ह्ये पोरांच्या पोटात जानार व्हतं.’’

शंकररावांनी फडक्याकडे पाहिलंच नाही. ते म्हणाले, ‘‘काम न्हाई मिळालं की मानूस काय बी करतो.’’

तासाभरात गेनूबा आचारी देवळामागच्या चिंचेखाली ओकत बसला होता. त्याच्याबरोबर चव पाहिलेला एक वाढपीही आडवा झाला. दोघं संध्याकाळपर्यंत तसेच होते, मग सावरले. दोन वाट्यांची ही गत. ती मुलं वाटीवर वाटी आमटी मागणारी होती, आणि त्यांत माझी लेक होती. ‘बाटवलं’ म्हणणारा आवाज त्या दिवशीच बंद पडला. पण ‘काम गेलं म्हणून’ हे वाक्य राहिलं. ते जास्त सोयीचं होतं. गेनूबाला उन्हाचा त्रास झाला असं ठरलं. कुणी आमच्या दारात येऊन एक शब्द बोललं नाही, आणि पुढची दोन वर्षं गावातल्या निम्म्या घरांनी आपली भांडी पौडच्या बाजारात दुसऱ्याकडे दिली. याला इमरान मानाचं स्थान म्हणतो. मी हे लिहितानासुद्धा लेखणी कागदात रुतते आहे.

अब्बांचा पाय महिनाभर बांधलेला होता. भरला, पण टाचेची कातडी ताणली गेली होती. वाळूत पूर्वीसारखा पाय टेकत नसे.

गावजेवणाला पुण्याहून ॲल्युमिनियमची भांडी भाड्याने यायला लागली. लोक कुरकुरायचे, आमटीला चव नाही म्हणून. तिसऱ्या वर्षी एक दिवस सकाळी बैलगाडी आमच्या दारात थांबली. गाडीत दोन्ही तपेली, आणि गाडी हाकत स्वतः शंकरराव. मी सुट्टीत आले होते. अम्मीने चहा ठेवला.

शंकरराव ओट्यावर टेकले. खाली पाहत म्हणाले, ‘‘उस्मानभाई, झालं गेलं. माजं चुकलं त्या वक्ताला. तपेली उतरवून घ्या.’’

अब्बा म्हणाले, ‘‘हितं कानात नगं, शंकरराव. जितं म्हनला तितं म्हना. देवळापुढं, पंगत बसल्यावर. उस्मान कामासाटी चिडला न्हवता, येवढंच म्हना. मंग मी फुकट करून देतो.’’

‘‘समद्या गावापुढं?’’

‘‘म्हनताना गाव व्हतंच की.’’

शंकररावांनी चहा घेतला नाही. गाडी वळवली आणि तपेली परत नेली. मी शिकलेली, शाळेत शिकवणारी बाई. मी अब्बांना म्हटलं, ‘‘अब्बा, एवढा मोठा माणूस दारात आला. सोडून द्यायचं होतं.’’ त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की ते अजून मला विसरता येत नाही.

‘‘म्हनला कुटं व्हता त्यो?’’

‘‘देवळापुढे.’’

‘‘मंग?’’

आणि ते उठून भाता तेल लावायला घेऊन बसले. मला चारचौघांसारखं वाटलं, की झालं आता, गोड व्हावं, पुढे चालावं. मी त्यांच्या बाजूने उभी राहिले नाही. इमरानवर मी चिडते आहे ते खरं, पण त्याच्या आधी तीस-चाळीस वर्षं अब्बांना गुळगुळीत करायचा पहिला हात मी फिरवला होता. हेही तुम्हाला ठाऊक असावं.

त्यानंतर दोन-अडीच वर्षांनी अब्बा गेले. छातीत कळ आली, सकाळी, सायकलला भाता बांधत असताना. दफनाला सगळं गाव आलं होतं, असं माझा भाऊ सलीम, म्हणजे इमरानचा बाप, सांगत आला. बायका कबरस्तानात जात नाहीत. नंतर शंकरराव आमच्या ओट्यावर आले. बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मला वाटलं, आता म्हणतील. ओट्यावर पंधरा-वीस माणसं होती, अगदी पंगतीएवढी नसतील, पण चाललं असतं. ते म्हणाले, ‘‘लई गुनी मानूस.’’ आणि उठले. मी दारात उभी होते. माझ्या जिभेवर आलं होतं, ‘शंकरराव, ते नको, दुसरं वाक्य म्हणा.’ मी म्हटलं नाही. कॉलेजात शिकलेलं इतकं इंग्रजी, इतकं मराठी, आणि त्या वेळी तोंड उघडलं नाही.

पुढच्या गावजेवणाला तोंड उघडलं ते गेनूबा आचाऱ्याने. तपेली खोलीतून बाहेर काढली होती आणि पुण्याहून बोलावलेल्या माणसाने त्यांना कल्हई केली होती. सलीमने धंदा केव्हाच सोडून कारखान्यात नोकरी धरली होती. गेनूबाने स्वयंपाकाला हात लावायच्या आधी अर्धं लिंबू मागितलं, तपेल्यात आत घासलं आणि कोरं पांढरं फडकं फिरवलं. सगळ्यांना दिसेल असं वर धरलं. स्वच्छ होतं. म्हणाला, ‘‘ह्ये उस्मानभाईचं फडकं. ह्ये झाल्याबिगर मी चूल पेटवनार न्हाई. माज्या मागनं जो आचारी यील त्यानं बी.’’ शंकरराव समोरच खुर्चीवर बसले होते. सलीम सांगायचा, त्यांनी मान खाली घातली आणि पायातला जोडा नीट करत राहिले.

आदिल, तू कदाचित विचारशील, मग अजून राग कशाचा? त्यांनी अब्बांची पद्धत घेतली, नाव दिलं, झालं की. माझा राग एवढाच आहे, की फडकं घेणं सोपं होतं. ते वाक्य परत घेणं अवघड होतं, आणि अवघड ते कुणीच केलं नाही. आणि आता इमरानच्या दुकानात, चकचकीत स्टीलच्या डब्यांच्या मधोमध, अब्बांना ‘शांत’ करून टांगलं आहे. त्यांचा राग पुसून टाकला की त्यांच्यात राहतं काय? फोटोत हसणारा, चांगल्या दातांचा एक म्हातारा.

मी इमरानला फोन केला. तो म्हणाला, ‘‘फुप्पी, दुकान आहे ते. गिऱ्हाईक वाचतं. भांडणं कशाला लिहायची?’’ मी त्याला नवा मजकूर पाठवला आहे: ‘उस्मानभाई कल्हईवाले. पंगतीतल्या मुलांनी विष खाऊ नये म्हणून यांनी गावजेवणाची आमटी ओतून दिली. कामासाठी नव्हे.’ त्याने अजून लावलेला नाही. मी दर शुक्रवारी विचारते.

अब्बांचा भाता उंदरांनी खाल्ला. सायकल कुणी नेली ते माहीत नाही. कथलाची एक कांडी माझ्या कपाटात आहे, ती तुमच्यासाठी ठेवली आहे. आलात की कानाशी धरून वाकवा. दोन्ही तपेली देवळाच्या मागच्या खोलीत आहेत. दरवर्षी त्यांना कल्हई होते. चूल पेटवायच्या आधी आचारी आत लिंबू घासतो, पांढरं फडकं फिरवतो आणि पंगतीकडे धरून दाखवतो. आताच्या पोरांना उस्मानभाई कोण ते माहीत नाही, पण फडक्याला ते त्यांच्याच नावाने ओळखतात. ‘काम गेलं म्हणून’ हे वाक्य अजून कुणी परत घेतलेलं नाही. फडकं दरवर्षी फिरतं.